पोचा पडलेल्या पातेल्याची बखर

श्री.

ज्या पाण्यावांचून देवास स्नान नाहीं आणि माणसास घोट नाहीं, त्या पाण्यास आधीं दंडवत. आणि जें गढूळ आलें म्हणोन माणसें एके ठायीं बसलीं, त्या गढूळ पाण्यास दुसरा दंडवत. शके एकोणीसशें चव्वेचाळीस, शुभकृत् नाम संवत्सरे, माघमासीं सात मजली इमारतींत सभा बसावयाची होती, ते समयीं एक नवी सून हातांत घासणी घेऊन पुढें आली आणि सभेच्या पातेल्यांत डोकावोन बोलली, "हे पातेलं कुणी धुवत कसं नाही? तळाला बोटभर चिखल बसलाय." ऐसें बोलोन तिनें नळ सोडिला, तेव्हां थोरल्या बाया धांवल्या, आणि एकीनें घासणी काढोन घेतली, आणि दुसरीनें पातेलें पदराखालीं घेतलें, आणि सुनबाई बिचारी आपलें काय चुकलें म्हणोन उगीच उभी राहिली. मग सर्वांनीं या सेवकास आज्ञा केली कीं, तुम्हांस लिहितां येतें आणि तुम्ही बहुतकरून रिकामे असतां, तरी या पातेल्याचा वृत्तांत मुळापासोन लिहावा, म्हणजे येणाऱ्या सुनांस पुनःपुन्हां सांगावें लागणार नाहीं. त्यावरून लिहितों. जें पाहिलें तें पाहिलें तैसें, जें ऐकिलें तें ऐकिलें तैसें; पदरचें मीठ घालणें हा बखरकाराचा कुळधर्म आहे, तितकें घातलें असेल, त्याची क्षमा असावी.

एक टेकडी होती. राज्य म्हणावें ऐसी ती थोर नव्हती, परंतु भांडणें राज्याजोगीं होतीं. माथ्यावर वरली आळी, पायथ्याशीं नाल्याकांठीं खालची आळी, आणि मध्यें एक दगडी चौथरा. राज्यांत नदी नाहीं, विहीर नाहीं. शहराच्या दरबारांतून एक दिवसाआड पाण्याचा टँकर येई, त्यास लोक हत्ती म्हणत, कारण तो डुलत येई, सोंडेनें पाणी सोडी आणि मर्जी फिरली तर मागल्या पावलीं परत जाई. हत्ती चौथऱ्याशीं उभा राहिला म्हणजे हंडे, कळश्या, बादल्या, रंगाचे रिकामे डबे घेऊन दोन्ही आळ्यांच्या फौजा चालोन येत. वरली म्हणे, आम्हांस चढ आहे, आम्ही आधीं. खालची म्हणे, आम्हांस नाल्याचा रोग आहे, आम्ही आधीं. आणि मग हिची वेणी तिच्या मुठींत, आणि तिचा हंडा हिच्या पायावर, आणि निम्में पाणी मातींत, ऐसें रणकंदन होई. वरल्या फौजेच्या सेनापती हौसाबाई खरमाटे. त्या शहरांत चार घरीं पोळ्या करीत. आवाज ऐसा कीं त्यांनीं माथ्यावरून हाक मारिली तर पायथ्याशीं झोंपलेलें मूल उठोन बसे. खालच्या फौजेंत सेनापती कोणी नव्हता, परंतु सर्व बाया ज्या एकीकडे पाहोन उठत बसत, त्या जैनाबी मणेर. त्यांचा धंदा बांगड्या भरण्याचा. दोन्ही आळ्यांचीं मनगटें त्यांच्या हातांखालोन गेलेलीं. कोणाचा हात कठीण, कोणाचा मऊ, हें त्यांस तोंडपाठ. बांगडी चढेना तर बळ करीत नसत, हात हातांत धरून बसत आणि म्हणत, "ढिला सोड गं, आपोआप चढंल." लढाईंत एकमेकींच्या झिंज्या ओढणाऱ्या बाया सणाच्या आदल्या दिवशीं त्यांच्या पेटीपुढें गुडघ्यास गुडघा लावून बसत, ही त्या राज्याची रीत होती.

शके एकोणीसशें बत्तीस, विकृति नाम संवत्सरीं चैत्रांत ऐसें जाहालें कीं हत्ती येईनासा झाला. लोक कासावीस जाहाले आणि ठरलें कीं दोन्ही आळ्यांनीं मिळोन दरबारावर जावें, त्याकरितां चौथऱ्यावर सभा भरवावी. सभा भरली आणि हत्ती नसतांहि हत्तीचेंच भांडण लागोन मोडली. दुसऱ्यांदा भरविली, तीहि मोडली. त्या सभेंत एक चप्पल हरवली, ती अद्याप मिळाली नाहीं. तिसऱ्या खेपेस लोक जमले तों जैनाबी आपलें जर्मनचें पातेलें घेऊन आल्या. तें पातेलें त्यांच्या रुखवताचें, पसरट तोंडाचें, आणि कधीं काळीं पायरीवरून पडोन तळास एक पोचा आलेला. तें त्यांनीं चौथऱ्याच्या मधोमध ठेविलें आणि म्हणाल्या, "घरात जे पाणी असेल त्यातलं फुलपात्रभर आणा. सगळ्यांनी. भांडायचं तर मग भांडा." सर्वांस नवल वाटलें, नवलापुढें राग टिकत नाहीं, जो तो घरीं गेला आणि फुलपात्र घेऊन आला. तळाशीं राहिलेलें, पिंपांतून खरवडलेलें, ज्याच्या घरीं जैसें होतें तैसें पाणी पातेल्यांत पडलें आणि सर्व मिळोन चहासारखें गढूळ जाहालें. मग जैनाबींनीं कनवटीचें एक बी काढिलें. तें निवळीचें. त्यांच्या माहेरीं खडकाळ मुलुख, तेथें हें झाड होतें. आईनें पाठवणीच्या वेळीं तें बी हातांत दिलें होतें, कीं कोठेंहि गेलीस तरी गढूळ पाणी पिऊं नकोस. तें बी त्यांनीं पातेल्याच्या आंतल्या अंगास गोल गोल घासिलें आणि हात पुसोन बसल्या.

"आता?" हौसाबाईंनीं पुसिलें.

"आता काय नाही. तळाचा पोचा दिसला की बोलायचं."

"आणि तवर?"

"तवर बस की गं हौसाक्का. जन्मात कधी बसलीस का?"

हौसाबाई बसल्या. सर्वच बसले. प्रथम कुजबूज, मग हंसें, मग कोणाचें पोर रडलें तें उगी राहिलें, आणि मग कोणास कांहीं करावयाचें उरलें नाहीं तेव्हां जो तो आपल्या ठायीं गेला. माळकरी बायांनीं मनांत नाम धरिलें, जैनाबींनीं तसबीहची माळ काढिली, विहारांत जाणाऱ्या बायांनीं डोळे मिटोन श्वासावर चित्त ठेविलें, ज्यांस यांतील कांहींच येत नव्हतें त्या पाण्याकडे पाहात राहिल्या. ही सभा म्हणावी कीं पूजा, हें त्या दिवशीं कोणीं पुसिलें नाहीं, आणि बरें केलें. एक भाकऱ्यांचा तवा उतरे इतक्या वेळांत गाळ खालीं बसला, पाणी वर मोकळें जाहालें आणि तळाचा पोचा दिसूं लागला. मग बोलणें जाहालें. तेंच बोलणें, त्याच तक्रारी, परंतु एकीचें पुरें होईतों दुसरी थांबे. ठराव जाहाला, आणि शेवटीं जैनाबींनीं पळीनें वरलें वरलें निवळ पाणी प्रत्येकाच्या ओंजळींत घातलें. एका जुन्या आजीबाईंची ओंजळ तोंडाशीं अडली; सर्व घरांचें, सर्व जातींचें पाणी, कैसें प्यावें? सर्व तिच्याकडे पाहूं लागले. मग त्या स्वतःशींच बोलल्या, "आता माझं कुठलं ते तरी कसं निवडू?" आणि प्यायल्या. सेवक तेथें होता. सेवकाचे डोळे भरोन आले, हें लपविण्याजोगें नाहीं.

मग दरबारावर स्वारी जाहाली. निशाणें नाहींत, घोषणा नाहींत. पुढें जैनाबी पातेलें घेऊन, मागें हौसाबाई, मागें दोन्ही आळ्या हातांत फुलपात्रें घेऊन. पाणी खात्याच्या वाड्यांत शिरोन दालनाच्या मधोमध पातेलें ठेविलें, पाणी ओतिलें, बी घासिलें आणि सर्व मुकाट बसले. खात्याचे मोठे साहेब, म्हणजे अमात्य, गरजले, "कोण तुम्ही? निवेदन कुठंय?" कोणी बोलेना. अमात्यांनीं पहारेकरी बोलाविले. पहारेकऱ्यांनीं पाहिलें कीं बाया गप्प बसल्या आहेत, आणि गप्प बसणाऱ्यांस काय करावें हें त्यांस शिकविलेलें नव्हतें. कारकून उठोन पाहूं लागले. एकजण जवळ येऊन हळूच म्हणाला, "काय बघताय?" हौसाबाईंनीं बोटानें पातेलें दाखविलें. तो वांकोन पाहूं लागला, त्याच्यामागें दुसरा, आणि मग अमात्यसाहेब आपणच चष्मा सांवरीत आले आणि बहुत वेळ उभे राहोन अखेर पुसिते जाहाले, "तळ दिसला का?" मग पोचा दिसला आणि हौसाबाई बोलल्या, आणि आयुष्यांत प्रथमच हळू बोलल्या. "साहेब, एवढा वेळ आम्ही रोज बसतो, तेव्हा तुमचं पाणी पिण्याजोगं होतं. आणि आता तेही येईना." अमात्यांनीं तेथल्या तेथें चौथऱ्याशीं दोन नळांची आज्ञा केली, एक वरल्या आळीस, एक खालच्या. पाणी नळालाहि गढूळच येई, परंतु येई. तेणेंकरून दर महिन्यास पातेलें मांडण्याची चाल पडली, आणि हौसाबाई व जैनाबी या दोघींचें एकमेकींवांचून पान हालेना, ऐसें सख्य जाहालें. सायंकाळीं एकीचा हात दुसरीच्या हातांत, आणि हौसाबाईंचा तो पोळपाटाचा कठीण हात, त्यांत जैनाबी हिरवा चुडा भरीत आणि म्हणत, "तुझा हात वळवता वळवता मी म्हातारी झाले."

यश जाहालें म्हणजे शोभा पाहिजे, ही राज्यांची खोड आहे. वरल्या आळींत प्रल्हादपंत ढेंबरे म्हणोन मंडप आणि रोषणाईचे सरदार होते. मनुष्य भाविक, हाताचा मोकळा, आणि डोळ्यांस उघडें कांहीं पाहावेना. उघडा चौथरा दिसला कीं त्यावर मांडव घालावा ऐसें त्यांस होई. त्यांनीं मांडव घातला आणि झालर लाविली आणि कर्णा बसविला, तें चाललें. मग पातेलें त्यांच्या मनास खुपूं लागलें. म्हणाले, "अक्का, लांबलांबच्या वस्त्यांतले लोक आपलं बघायला येतात, आणि आपण काय मांडतो, तर पोचा आलेलं पातेलं!" त्यांनीं तांब्याचा उंच कलश आणिला, निमुळत्या तोंडाचा, त्यावर आंब्याचीं पानें आणि नारळ. आणि कळस ऐसा कीं, कलशांत ओतावयास विकतचें कॅनचें पाणी आणिलें, आरशासारखें. म्हणाले, "एवढं पवित्र काम, आणि त्याला गढूळ पाणी? देवासमोर तरी चांगलं ठेवू." हें त्यांनीं मनापासोन केलें, कपट कांहीं नव्हतें, आणि म्हणोनच कोणास नाहीं म्हणवेना. ऐसी चूक भाविकांवांचून दुसऱ्यास करतां येणार नाहीं. घरोघरचीं फुलपात्रें बंद जाहालीं. नारळ तोंडावर बसल्यामुळें आंत कोणास पाहतां येईना, आणि पाहावयाचें कांहीं नव्हतें, पाणी आधींच निवळ. बसावें कशाकरितां? मग बसण्याच्या ठायीं आरती आली, आरतीनंतर प्रमुख पाहुण्यांचे सत्कार आले. जैनाबी एका कडेस बसत. त्यांस उठ कोणी म्हणालें नाहीं. बी घासण्याचें त्यांचें काम तेवढें गेलें. हौसाबाईंच्या ध्यानांत आलें होतें. त्या मनांत म्हणत कीं बोलूं एक दिवस, आणि तो दिवस पुढें पुढें जाई. पातेलें प्रल्हादपंतांच्या गोदामांत बांबूंमागें जाऊन पडलें.

शके एकोणीसशें अडतीस, दुर्मुख नाम संवत्सर. नांवाप्रमाणेंच निघाला. दरबारांत नवे अमात्य आले होते. ते सभेस आले, प्रल्हादपंतांनीं त्यांस सोफ्यावर बसविलें, शाल दिली, श्रीफळ दिलें. अमात्य म्हणाले, "नाल्यावरून रस्ता जाणार आहे. खालच्या आळीला शहराबाहेर इमारतीत पक्क्या खोल्या देतो, आणि वरच्या आळीला घरोघरी नळ. सगळ्यांचं भलं आहे. फक्त उत्तर आत्ता पाहिजे, उद्या फाईल वर जाईल." सभा गलबलली. वरल्या आळीच्या बायांचे गुडघे उभा जन्म हंडे चढवून झिजले होते. घरांतला नळ म्हणजे त्यांस वैकुंठच. हौसाबाईंचेहि गुडघे त्यांतलेच. त्यांस मनापासोन वाटलें कीं नाल्याच्या घाणींतून खालची आळी सुटली तर तीहि सुखी होईल. हें खालच्या आळीस पुसावें, इतकेंच त्यांस सुचलें नाहीं. त्या बोलावयास उठल्या तों कडेनें जैनाबी म्हणाल्या, "हौसाक्का, आधी पाणी निवळू दे की."

हौसाबाईंनीं मागें पाहिलें नाहीं. म्हणाल्या, "निवळलेलंच हाय गं जैना. कॅनचं हाय."

आणि हात वर करवून घेतले. वरल्या आळीचे हात बहुत, खालचीचे थोडे, निर्णय जाहाला. कर्ण्यांतून आरती लागली. जैनाबी उठल्या, पायांत चपला घातल्या, आणि गेल्या. बी कनवटीस होतें तें त्यांच्यासवें गेलें.

माघांत खालची आळी उठली. ट्रक लागले, पत्रे उतरले, खाटा, शेगड्या, कोंबड्या ट्रकांत चढल्या. हौसाबाई चौथऱ्यावर उभ्या होत्या. जैनाबी ट्रकांत बांगड्यांच्या पेटीवर हात ठेवून बसल्या होत्या. त्यांनीं वर पाहिलें नाहीं. हत्तीची वाट पाहणारें तें राज्य त्या दिवशीं मोडलें, आणि मोडतांना आवाज कांहीं जाहाला नाहीं.

मग वरल्या आळीस घरोघरीं नळ आले. पाणी स्वच्छ, पुरेसें, मोटार लाविली तर गच्चीपर्यंत. आतां कोणास कोणाची गरज राहिली नाहीं आणि बाया आपापल्या घरांत सुखानें एकेकट्या जाहाल्या. चौथऱ्यावर गाड्या लागूं लागल्या. हौसाबाईंस हत्तीच्या वेळेस जाग येई, आणि त्या उगीच चौथऱ्यापर्यंत जाऊन येत. त्यांनीं दोन वेळां सभा बोलाविली, लोक म्हणाले, "अक्का, ग्रुपवर टाका ना, वाचतो आम्ही." प्रल्हादपंतांनीं कलश मांडिला, आरती जाहाली, आरतीस तिघेजण. हौसाबाई बाजारांतून बांगड्या आणीत आणि आपणच चढवूं जात, आणि डझनांतल्या चार फुटत. घरधन्यांनीं म्हटलें, "दुसऱ्या कासाराकडं जा की." त्या म्हणाल्या, "दुसऱ्याच्या हातात हात ढिला सुटत न्हाई." पोळ्या लाटतांना त्या मध्येंच थांबत आणि पलीकडच्या ओट्यावरील भांड्याकडे पाहात राहात. ज्यांच्या घरीं त्या पोळ्या करीत त्यांनीं विचारिलें, काय झालें? काय सांगावें? रोज जिच्याशीं भांडलों, मग रोज जिच्यासंगें बसलों, ती गेली, आणि घरांत पाणी आलें; हें दुःख सांगण्यास लोकांनीं शब्द केलेला नाहीं. सेवकानेंहि बहुत शोधिला.

ऐसें वर्ष लोटलें. एके दिवशीं प्रल्हादपंत गोदाम आवरीत असतां बांबूंमागें पातेलें सांपडलें. ते तें घेऊन हौसाबाईंच्या दारीं आले आणि उंबऱ्याबाहेर उभे राहिले. म्हणाले, "अक्का, हे माझ्याकडं राहिलं होतं. मी काही वाईट म्हणून नव्हतं ठेवलं." हौसाबाई म्हणाल्या, "ठाऊक हाय मला, पल्हादा. चांगल्यापायीच झालं सगळं." आणि दुसऱ्या दिवशीं पोळ्यांची रजा घेऊन, पातेलें पिशवींत घालून त्यांची स्वारी निघाली. शहराचे तीन भाग ओलांडोन, दोन बस बदलोन, त्या इमारतींपाशीं पोंचल्या. तेथें तैशाच सात मजली इमारती पुष्कळ, आणि सर्व एकसारख्या. उद्वाहन बंद पडलेलें, त्याच्या दारांत कोणीं कुंडी ठेविलेली. पांचवा मजला. गुडघ्यांवर हात ठेवीत त्या चढल्या. खालच्या आळीचीं माणसें तेथेंच होतीं, परंतु चिठ्ठ्या टाकून खोल्या दिल्या होत्या, त्यामुळें शेजारी कोणीच शेजारचें नव्हतें, आणि दारें सर्व लाविलेलीं. हौसाबाईंनीं दार ठोठाविलें.

जैनाबींनीं दार उघडिलें. हौसाबाईंनीं चौकटीस हात टेकिला. मग जैनाबी म्हणाल्या, "पाच जिने चढलीस? त्या गुडघ्यांनी?"

"दम खाऊ दे," हौसाबाई म्हणाल्या. "मग शिव्या दे."

"आत ये."

आंत खोली स्वच्छ होती. बांगड्यांची पेटी कोपऱ्यांत, तिजवर चादर. "कोण भरतंय इथं बांगड्या," जैनाबी म्हणाल्या, "कोण कुणाच्या दारात जातंय? पाणी तेवढं झकास आहे बघ. काचेवाणी. नळ सोडला की भांडं भरतं. पण ते भरून बसायचं कुणासंगं?" ऐसें बोलोन त्या पाणी आणावयास उठल्या. हौसाबाईंनीं पिशवींतून पातेलें काढोन पुढें केलें, आणि काढतांना पाहिलें तों आंत तळास वाळलेला गाळ तडे जाऊन बसलेला. अखेरच्या खऱ्या सभेचा तो. हौसाबाई ओशाळल्या. "धुवायचं राहिलं गं. आण, मी घासते."

"राहू दे," जैनाबी म्हणाल्या. त्यांनीं पातेलें हातांत घेतलें, पोचा अंगठ्यानें चांचपला, आणि नळाखालीं धरिलें. काचेसारखें पाणी आंत पडलें आणि गाळ उकलला, आणि वर आला, आणि टेकडीवरच्या नळाला यावें तैसें सगळें पाणी तांबूस गढूळ जाहालें. टेकडीच्या मातीचा वास खोलीभर सुटला. जैनाबींनीं कनवटीस हात घातला. बी झिजोन झिजोन लहान जाहालेलें. तें त्यांनीं पातेल्यास गोल गोल घासिलें आणि दोघी समोरासमोर बसल्या. एकीनें तसबीह काढिली नाहीं, दुसरीनें नाम घेतलें नाहीं. बाहेर कोणाचा कुकर वाजला, कोणी जिना चढोन गेलें, ऊन फरशीवरून सरकलें. आणि मग तळाचा पोचा दिसला.

"मी तुला पुसलं न्हाई," हौसाबाई म्हणाल्या. "तू थांब म्हणालीस, मी थांबले न्हाई. घर तुझं होतं, आणि हात मी वर केला."

जैनाबी पाण्याकडे पाहात होत्या. "घर गेलं त्याचं इतकं नाही हौसाक्का," म्हणाल्या, "घरात काय होतं, पत्रेच होते. तू मागं वळून बघितलं नाहीस, ते लागलं."

हौसाबाईंनीं मान खालीं घातली आणि त्या रडल्या. जैनाबींनीं त्यांचा हात हातांत घेतला. ढिला सोड म्हणावें लागलें नाहीं.

दार उघडें राहिलें होतें. समोरच्या खोलींतील बाई, जी वर्षभर जैनाबींशीं बोलली नव्हती, ती डोकावली आणि म्हणाली, "मावशी, सगळं ठीक आहे ना? काय बघताय?" जैनाबींनीं तीस म्हटलें, "घरातलं फुलपात्रभर पाणी घेऊन ये, मग सांगते." ती घेऊन आली, तिच्यामागें दुसरी आली. त्या दिवशीं त्या मजल्यावर सहा बाया गाळ बसेतों उगीच बसल्या, आणि पोचा दिसल्यावर प्रथम जें बोलणें निघालें तें उद्वाहनाचें. तेथोन पुढचा इतिहास त्या इमारतीस ठाऊक आहे. उद्वाहन आतां चालतें.

हौसाबाई निघाल्या तेव्हां जैनाबींनीं पळी घेतली, वरलें पाणी सर्वांस वांटलें होतें, खालीं गाळ राहिला होता, त्यांतला अर्धा हौसाबाईंच्या जेवणाच्या डब्यांत भरिला आणि झांकण दाबोन बसविलें. "तुमच्या आळीला पण आता स्वच्छ पाणी येतंय ना," म्हणाल्या, "मग तुम्हाला पण लागंल. बी एकच आहे, ते माझ्याकडं राहू दे. तुम्हाला वेळ जास्त लागंल. बसा."

"येशील का टेकडीवर?" हौसाबाईंनीं पुसिलें.

"माझं घर कुठाय तिथं? रस्ता आहे," जैनाबी म्हणाल्या. मग म्हणाल्या, "तू ये. बांगड्या भरायला ये."

परतीच्या बसमध्यें हौसाबाई डबा मांडीवर धरून बसल्या, आणि वळणावर झांकण सुटूं नये म्हणोन दोन्ही हातांनीं दाबोन धरिला. वाहकानें विचारिलें, "आजी, काय आहे डब्यात, सांडलंय की." त्या म्हणाल्या, "मैत्रिणीनं बांधून दिलंय." दुसऱ्या दिवशीं त्यांनीं चौथऱ्यावर साधी परात मांडिली. प्रल्हादपंत गाड्या हटवावयास आले आणि तेच प्रथम बसले, आणि त्यांस बसणें येईना म्हणोन बहुत चुळबुळ केली, परंतु उठले नाहींत. मग हळूहळू आळी जमली. मांडव घातला नाहीं.

ऐसा या पातेल्याचा वृत्तांत. सारांश इतकाच कीं, एकाच गाळाचे दोन भाग दोन ठायीं आहेत आणि दोन्हीकडे दर महिन्यास एकाच दिवशीं, दिवेलागणीपूर्वीं, सभा बसते. नळाचें स्वच्छ पाणी ओतावें, गाळ उठूं द्यावा, तळ दिसेतों कोणीं बोलूं नये, वरलें पाणी प्यावें, खालचा गाळ ठेवावा. तरी सुनबाई, पातेल्यास बाहेरून राख लावून हवें तितकें चकचकीत करावें, आंत हात घालूं नये. आणि आणिक एक. सभेंत जैनाबी एका विशिष्ट दिशेस तोंड करून बसतात, त्यावरून नव्या बाया समजतात कीं त्या किबल्याकडे, म्हणजे नमाजाच्या दिशेस, पाहतात. किबला उजव्या हातास आहे. त्या पाहतात तिकडे टेकडी आहे.